'गोणपाट'चा सातवा भाग

"हे पोतं खताचं हाय गं नले," माझा गळा दोन्ही हातांनी आवळत गोणपाट माझ्या कानाशी कुरकुरला. "डोळं नुसतं चुरचुराय लागल्यात. गुळाचं पोतं आणा म्हणून कालच सांगितलं हुतं. कोण ऐकतंय का माझं?"

"गप बस," मी ओठ न हलवता म्हटलं. "मला मरू दे."

"मर की. पर बिगीबिगी मर. गुडघं धरल्यात माझं."

मी हातपाय झाडले, डोळे फिरवले आणि मान टाकली. आबांनी टाळी वाजवली. "झकास! तालीम बास. आता नारळ फोडा."

धोंडीनानानं गळ्याशी बांधलेली सुतळी सोडली आणि डोक्यावरचं पोतं ओढून काढलं. आतून पांढऱ्या मिशांचं, घामानं थबथबलेलं एक गरीब तोंड बाहेर आलं. मला हाताला धरून उठवत त्यानं विचारलं, "लागलं न्हाई न्हवं?" दर वेळी विचारायचा. सहा भागांत सहा वेळा मला मारलं या माणसानं, आणि दर वेळी मारून झाल्यावर लागलं का म्हणून विचारलं.

'गोणपाट' हे नाव आता कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. पण एके काळी आमच्या कोल्हापूर भागात जत्रेतल्या तंबूत हा सिनेमा लागला की बाया पोरं पदराखाली झाकून बघायच्या. गोष्ट साधी होती. गुऱ्हाळावर राबणाऱ्या एका माणसाला मालकानं छळून मारलं, आणि तो डोक्यावर पोतं घालून परत आला. पोत्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. बोलायचा नाही, धावायचा नाही. नुसता चालत यायचा. तेवढ्यावर लोकांची अशी पाचावर धारण बसली की एका सीझनला आमच्याकडे रसाला म्हणून दिवसाढवळ्यासुद्धा कुणी एकटं गुऱ्हाळावर जाईना. हे सगळं आबा मंडलिकांचं डोकं. कथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, आणि कुणी कुठं उभं राहून किंकाळी फोडायची तेही तेच करून दाखवायचे, पांढऱ्या विजारीत मातीत लोळून.

पोत्याच्या आत धोंडीराम सासणे. आम्ही त्याला नाना म्हणायचो. तालमीत वाढलेला, पुढे सायकलचं दुकान टाकलेला. पोतं घातलं की तीन जिल्ह्यांचा थरकाप, आणि पोतं काढलं की भाजीवालीशी घासाघीस करायची टाप नाही.

आणि मी नलिनी खराडे. मी पहिला बळी.

पहिल्या भागाच्या वेळी हिरॉईन आली नव्हती म्हणून आबांनी मुहूर्ताला माझं मरण उरकून घेतलं. सिनेमा चालला. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली की मुहूर्ताचा शॉट म्हणजे नलूचा खून. नारळ फुटायचा, कॅमेऱ्याला हार घालायचा, इंदुवहिनी म्हणजे आबांच्या मंडळी मला हळदकुंकू लावून ओटी भरायच्या, आणि मग मला मारायचे. माझे मिस्टर सकाळी विचारायचे, "आज किती वाजता मरणार आहेस? त्या हिशेबानं कुकर लावतो."

दुसऱ्या भागात मी पहिल्या भागातल्या स्वतःचीच जुळी बहीण होते. तिसऱ्यात नर्स. तिसऱ्या भागाला आबांनी गोणपाटाला कोकणात नेलं. तिथं समुद्राच्या वाऱ्यानं नानाला सर्दी झाली, आणि सगळ्यात भीतीच्या जागी पोत्याच्या आतून शिंक आली. रीळ वाया घालवायचं नाही म्हणून ती तशीच ठेवली. चौथ्यात मला चष्मा दिला, म्हणजे मी प्राध्यापिका. तो भाग मात्र चांगला होता. त्यातलं माझं मरण बघून माझी सख्खी नणंद दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, इतकी घाबरली. पाचवा भाग आला तेव्हा लोक म्हणाले, तिसऱ्यासारखाच आहे. सहावा आला तेव्हा काहीच म्हणाले नाहीत, नुसते हसले.

सहावा भाग मी गडहिंग्लजला थेटरात बघितला. आबा माझ्या एका बाजूला, वहिनी त्यांच्या पलीकडे. पडद्यावर मी कळशी घेऊन विहिरीकडे निघाले, तसं मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, तिसऱ्या पायरीवर हात बाहेर येतोय बघा!" आणि आला. सगळं थेटर फुटलं. माझ्या मरणाला माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबाही हसत होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, "बरा आहे गं. पुढे काय होतं?"

मला वाटलं, माणूस स्वतःलाच टोमणा मारतोय. मीही हसले.

"थकलेत," बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळे तेच म्हणायचो. थकलेत.

तर सातव्या भागाचा मुहूर्त. उन्हाळ्याचे दिवस, सीझन संपून बंद पडलेलं गुऱ्हाळ, डोक्यावर सूर्य. आमची रात्र नेहमी भर दुपारीच व्हायची. दिव्यांचा खर्च नको म्हणून आमचे कॅमेरामन मुनीरभाई कॅमेऱ्यापुढे निळी काच लावायचे आणि उन्हाचं चांदणं करायचे. पडद्यावर मी थंडीनं कुडकुडताना दिसायचे, तेव्हा खरं म्हणजे माझ्या पायाला चटके बसत असायचे.

आबा खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी स्टुलावर वहिनी. गेले दोन भाग त्या रोज सेटवर यायला लागल्या होत्या. गोळ्या वेळेवर द्यायला लागतात म्हणून, असं त्या सांगायच्या. कुणी जवळ आलं की आबांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायच्या, मग आबा मोठ्यानं म्हणायचे, "ये रे, मुनीर, ये!" आम्हाला वाटायचं, नवराबायकोचं उतारवयातलं प्रेम आहे. मी तर त्यावरून त्यांची चेष्टाही करायचे.

"तर बघा," आबा उत्साहानं उठले. "गोणपाट हिचा गळा आवळतो. इथवर तालीम झाली. मग हिला फरफटत चुलवणाकडे नेतो."

चुलवण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. वर रसाची मोठी काईल बसते, आणि खाली जमिनीत खोल जाळ घालायची जागा. तोंड एवढं, की माणूस वाकून आत जाईल. आत उसाची वाळलेली चिपाडं ठासून भरलेली होती.

"हिला अर्धी आत ढकलतो. डोकं आणि छाती बाहेर. कॅमेरा तोंडावर. नलू, डोळे उघडे ठेवून मरायचं. लोकांना तुझे डोळे बघायचेत. मग कट. नलूला काढायची, तिच्या जागी बाहुली. मग गोणपाट टेंभा घेऊन येतो आणि भडका! असं मरण आजवर कुणी बघितलेलं नाही!"

नाना पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. मुनीरभाई काच पुसत होते, ती पुसतच राहिले.

"आबा," ते शेवटी म्हणाले, "चौथ्या भागात आपण हितंच..."

"मुनीरभाई, तुमचा चहा राहिलाय बघा," वहिनी एकदम म्हणाल्या. "निवतोय."

"घेतला की मगाशी."

"मग आणखी घ्या."

मुनीरभाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि कॅमेऱ्याकडे वळले. "बरं," एवढंच म्हणाले.

चौथ्या भागात मी ह्याच भट्टीत मेले होते. हेच खोपट, हीच चिपाडं, हाच टेंभा. फक्त चष्मा होता.

वहिनींनी मला चिपाडांच्या ढिगामागे नेलं, साडी नीट करायच्या निमित्तानं. माझ्या निऱ्या सारख्या करत खाली बघूनच म्हणाल्या, "नलू, हा यांचा शेवटचा भाग गं. मी शब्द घेतलाय त्यांच्याकडून. एवढा नीट होऊ दे. लोकांनी 'आबा मंडलिक' म्हणून नाव घेतलं पाहिजे, हसता कामा नये."

"पण वहिनी, हे आपण..."

"माहिती आहे मला काय केलंय ते. थकलेत ते. तुम्ही सगळ्यांनी सांभाळून घ्या. कुणी उलट बोललं की त्यांचा चेहरा असा होतो..." त्यांनी माझ्या कपाळावरचं कुंकू बोटानं सारखं केलं. "त्यांनी तुला स्टेजवरनं उचलून पडद्यावर आणलं, नलू. एवढं कर."

केलं असतं मी. त्यासाठी आणखी सात वेळा मेले असते. आम्ही सगळ्यांनीच मनाशी हेच ठरवलं होतं, कुणी कुणाला न सांगता. सिनेमा कसाही होवो, आबांनी ताठ मानेनं घरी जायला पाहिजे.

बाहेर बाहुली तयार होती. पेंढा भरलेली, माझ्यासारखीच लाल काठाची पांढरी साडी नेसवलेली, डोक्यावर वेणीचा टोप. सेटवर तिला धाकटी नलू म्हणायचे.

"ह्या धाकटीला डायलॉग द्या आता," नाना म्हणाला. "हिच्यात जरा जीव वाटतोय. थोरलीत काय राम राहिला न्हाई."

"तुझ्यात तरी कुठं राहिलाय," मी म्हटलं. "मारताना धापा टाकतोस. मी मरते ती तुझी दया येऊन."

मुनीरभाई हसले. आबाही हसले, आणि बाहुलीकडे बघून म्हणाले, "ही कोण नवीन मुलगी?"

पुन्हा सगळे हसले. विनोदच होता तो, असं आम्ही मानलं. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

आमच्या युनिटमध्ये एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. 'कट' फक्त आबांचा. पहिल्या भागाच्या वेळी नानाचा पाय घसरला म्हणून एका असिस्टंटनं मधेच 'कट' म्हटलं, तर आबांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानफटात मारली. म्हणाले, "पडला असता तर पडू द्यायचा! सिनेमात तेच भयंकर दिसलं असतं!" तेव्हापासून आबा कट म्हणेपर्यंत कॅमेरा थांबायचा नाही, मेलेलं माणूस हलायचं नाही, आणि गोणपाट तोंडातून शब्द काढायचा नाही. मला तर त्याचा अभिमान होता. एकदा विहिरीच्या काठावर मेलेली असताना माझ्या मानेवरून मुंगळा चालत गेला, तरी मी पापणी लवू दिली नव्हती.

"स्टार्ट!"

नानानं गळा आवळला, मी मेले. त्यानं मला बगलेत धरून फरफटत नेलं आणि हळूच, अगदी हळूच, पाय पुढे करून भट्टीत सारलं. कमरेखालचं अंग चिपाडांत रुतलं. टोचत होतं. मी डोळे उघडे ठेवले. मुनीरभाईंचा कॅमेरा घरघरत होता. आकाश भगभगीत पांढरं होतं.

मी कटची वाट बघत राहिले.

पडल्या पडल्या मला आबांची खुर्ची दिसत होती. शेजारचं स्टूल रिकामं होतं. वहिनी खोपटात गेल्या होत्या, आबांचा चहा आणि गोळी आणायला. आबा पुढे वाकून माझ्याकडे बघत होते, एखादं मूल चित्राकडे बघतं तसे. मग त्यांचा चेहरा उजळला.

"टेंभा," ते म्हणाले. "धोंडी, टेंभा घे!"

सामान सांभाळणाऱ्या लगमाण्णानं टेंभा पेटवूनच ठेवला होता. त्यानं तो पुढे केला. मला वाटलं, आबांनी काहीतरी बदललंय. टेंभा घेऊन नाना नुसता जवळ येईल, माझ्या डोळ्यांत जाळ दिसेल, आणि मग कट. सुंदर कल्पना आहे, असंसुद्धा मी मनात म्हटलं. देवाशपथ म्हटलं.

नाना टेंभा घेऊन आला. दोन भोकांतून त्याचे लाल डोळे दिसत होते.

"नले," तो पोत्याच्या आतून म्हणाला, "हल."

मी हलले नाही. चालू शॉटमध्ये गोणपाट बोलला याचाच मला राग आला.

"अगं हल म्हणतोय न्हवं, भवाने! भायेर ये!"

"फेक!" आबा ओरडले. "बघत काय राहिलास? फेक आत! चिपाडात फेक!"

नाना तसाच उभा. टेंभ्याच्या चिंध्यांतून तेल ठिबकत होतं. पेटलेला एक थेंब खाली पडला, मी बघितला तो पडताना. माझ्या कमरेशी 'फस्स' असा आवाज झाला.

वाळलेली चिपाडं कशी पेटतात ते गुऱ्हाळाकडच्या माणसाला सांगायला नको. एका दमात सगळ्या भट्टीनं श्वास ओढला. नानानं टेंभा लांब भिरकावला, दोन्ही हात जाळात घातले आणि मला बगलेतून खेचलं. साडीचा पदर पेटला होता, तो त्यानं हातांनीच चोळून विझवला. मी मातीत लोळले. वर बघितलं तर त्याच्या डोक्यावरचं पोतं धुमसत होतं. मग त्याला ज्वाळा आली.

तो ओरडला नाही. हे मला अजून झोपेतून उठवतं. सुतळीची गाठ गळ्याशी होती, ती त्याच्या भाजलेल्या बोटांना सुटेना, म्हणून तो नुसता दोन्ही हात गळ्याशी धरून चालत राहिला. सावकाश. पुढे, कॅमेऱ्याकडे. सहा सिनेमांत चालला होता तसा.

आणि आबा टाळ्या वाजवत होते. "वा! वा, धोंडी! हेच! हेच पायजे होतं मला! मुनीर, सोडू नको!"

मुनीरभाईंचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. कुणीही कट म्हटलं नव्हतं. लगमाण्णा पाण्याच्या बादलीला हात लावून उभा होता, आणि आबांच्या तोंडाकडे बघत होता.

मी उठले. नानाच्या अंगावर झेपावले, त्याला खाली पाडलं आणि दातांनी सुतळी तोडायला लागले. मग बादली आली. मुनीरभाई आले, "या अल्ला, या अल्ला" म्हणत. त्यांनी पोतं फाडलं. त्यांच्यामागे कॅमेरा एकटाच घरघरत राहिला होता, त्यातली फिल्म संपेपर्यंत.

पोत्याबरोबर नानाचा एक कान आणि मानेची कातडी आली.

जीप गावात जेवणाचे डबे आणायला गेली होती. लगमाण्णा तिला आणायला सायकलवरून सुटला. आम्ही नानाला खोपटात घोंगडीवर निजवलं आणि ओल्या फडक्यांनी झाकलं. वहिनींच्या हातातला चहा कधीच सांडून गेला होता, तरी त्या कपबशी धरून दारात उभ्या होत्या. माझ्या पायाला भाजलं होतं, पण मला ते कळत नव्हतं. मी नानाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"लागलं न्हाई न्हवं तुला?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

आबा आत आले. वाकून नानाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पिळवटून निघाला. खरोखरची कळ होती ती. या माणसाच्या काळजाला दगड म्हणता यायचं नाही कधी.

"काय झालं हे?" ते म्हणाले. "कसं झालं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"वारा आला, आबा," मुनीरभाई म्हणाले.

"वारा?"

"व्हय. एकदम झोत आला. चिपाडं वाळलेली. तेल बी जास्त झालं असंल टेंभ्याला."

बाहेर पान हलत नव्हतं.

"पण टेंभा इथं आणला कुणी?" आबा म्हणाले. "नलू आत होती ना? नलू आत असताना टेंभा पेटवायचा नाही, बाहुली ठेवल्यावर पेटवायचा. मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं हुतं," मुनीरभाई जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग?"

माझ्या मांडीवरचं डोकं हललं. "माझी चूक झाली, आबा," नाना म्हणाला. "पोत्यातनं दिसलं न्हाई मला. मला वाटलं, बाहुलीच हाय."

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी वहिनींचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि दाबला. मी तोंड मिटलं.

आबा नानाच्या अंगावर ओरडले. "दिसलं नाही? इतकी वर्षं पोतं घालतोयस, आणि आज दिसलं नाही? जितीजागती बाई आत आहे, लेकरांची आई आहे ती! तू तिला जाळायला निघालास? दारू प्यायलायस काय तू?"

"न्हाई, आबा."

"मग डोळे फुटले होते?"

"व्हय, आबा. चुकलं माझं."

"चुकलं? याला चुकलं म्हणतात? मी तुला माणूस म्हणून घेतला, धोंडी. पोतं घातलं म्हणून तू खरंच..." माझ्याकडे म्हणून त्यांनी हात केला, तर तो मुनीरभाईंकडे गेला. "हिची आधी माफी माग. आणि मुनीर, पोलीस पाटलाला बोलावून आण. मी माझ्या माणसावर पांघरूण घालणार नाही. उद्या लोक म्हणतील, आबा मंडलिकानं सिनेमासाठी बाई जाळली."

"आबा, आत्ता नको, त्याला आधी दवाखान्यात..."

"आण म्हणतो ना!"

मुनीरभाई जागचे हलले नाहीत. नानानं डोळे मिटले होते. ओठ हलत होते, मी कान जवळ नेला. "आणू दे," तो म्हणत होता. "मी तसंच सांगतो पाटलाला. दिसलं न्हाई म्हणून सांगतो. म्हाताऱ्याला काय म्हणू नका."

त्याचं बोलणं वहिनींनीही ऐकलं. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. मग तो हात उचलला गेला.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. पदर खांद्यावरून पुढे घेतला, आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "धोंडीभाऊजींना दिसत होतं."

"तू मधे बोलू नकोस."

"त्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनी टेंभा फेकला नाही. टेंभा तुम्ही मागितलात. फेक म्हणून तुम्ही ओरडलात. सगळ्यांनी ऐकलंय, मी पण इथं आत ऐकलं. नलू आत आहे हे तुमच्या लक्षातच नव्हतं."

"काहीतरी काय बोलतेस? मुनीर, मी म्हणालो का रे असं?"

मुनीरभाईंनी नानावरचं ओलं फडकं सारखं केलं.

"नलू?" आबा म्हणाले, आणि नलू कोणती ते शोधत त्यांची नजर आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून फिरली. माझ्यावर आली, आणि पुढे गेली.

वहिनींनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्यांना तसं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

"तुम्ही विसरता हो," त्या म्हणाल्या. "थकला नाहीत तुम्ही. विसरता. हा सिनेमा तुम्ही आधी काढलाय, याच भट्टीत काढलाय. रोज सकाळी उठल्यावर मी कोण, ते मी तुम्हाला सांगते."